फूल, पण फुलांना

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी नोएडात राहायला आलो. रविवारी सकाळी सोसायटीतली सात-आठ मराठी मुलं माझ्याकडे मराठी लिहायला येतात. आज त्यांच्या एकाच अडचणीबद्दल बोलतो.

ही मुलं शाळेत हिंदी शिकतात. लिपी तीच, म्हणून मराठी वाचायला लवकर येतं. लिहिताना मात्र हिंदीची सवय आड येते. हिंदीत फूल-फूलों, वकील-वकीलों. शब्द वाढला तरी दीर्घ ते दीर्घच. म्हणून मुलं 'फूलांना', 'वकीलाला' लिहितात. घरचे लाल रेघ मारतात. अशा पाच-सहा रेघा झाल्या की मूल वही मिटतं, आणि पुण्याच्या आजीला मेसेज हिंदीत जातो.

मी 'उपान्त्य' हा शब्द उच्चारतच नाही. आधी टाळ्या. व-कील: दोन टाळ्या, 'की' लांब. व-कि-ला-ला: चार टाळ्या, 'कि' आखूड. फूल, फु-लां-ना. ग-रीब, ग-रि-बां-ना. तीनदा मोठ्यानं म्हणायचं, मगच लिहायचं. शब्द पुढे वाढला की मधला स्वर आखूड होतो, हे मुलं स्वतःच सांगतात.

पुढच्या रविवारी दुसरी टोळी: कापूस-कापसाला, लाकूड-लाकडाला, बेडूक-बेडकाला. तीन अक्षरांचा शब्द, पहिलं अक्षर दीर्घ. इथे 'ऊ' आखूड होत नाही, नाहीसाच होतो. 'ऊ' कुठे पळाला, हे शोधायला मुलांना मजा येते. गुण, विष, मधुर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्व शब्द अगदी शेवटी. दोन प्रकार एका दिवशी कधीच घेत नाही.

आपले चालू लेखननियम १९६२चे आहेत. १९७२मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. मोठ्यांनी ते जरूर वाचावेत. लहानांना अठरा नियम पाठ करायला लावू नयेत.

एक मुलगी शाळेत स्पॅनिश शिकते. ती म्हणाली, "आजोबा, तिथेही असंच आहे!" 'कान्सिओन' म्हणजे गाणं, लिहिताना त्यातल्या 'ओ'वर तिरकी रेघ देतात. अनेकवचनात 'कान्सिओनेस' झालं की ती रेघ जाते. शब्द लांबला की लेखन बदलतं, हे तिला परक्या भाषेत चाललं. मग आपल्या भाषेत का नाही?

एक अट मात्र आहे. टाळी कानावर चालते. घरात 'फुलांना' हा शब्द ऐकूच येत नसेल, तर मूल टाळी कशावर देणार? म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे, रोज जेवताना तरी मराठीत बोला. आणि मूल चुकलं तर लाल पेन बाजूला ठेवा, "मोठ्यानं म्हण बरं" एवढंच सांगा. बहुतेक वेळा खोडरबर ते स्वतःच उचलतं.