लक्षात ठेवायचं काम कुणाचं?

(महिला बचत गट व गृहउद्योग परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

सकाळचा स्वयंपाक उरकून, दुपारचा झाकून ठेवून इथवर आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

सकाळपासून इथे एकीच्या बळाविषयी पुष्कळ बोललं गेलं. त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. मला बोलायचंय ते एकी झाल्यानंतरच्या एका प्रश्नाविषयी. काम वाटून घेतलं, पण ते लक्षात कोण ठेवतं?

एकमेकांच्या मदतीनं काम उरकायची रीत आपल्याकडे जुनीच. कोकणात भातलावणीला, देशावर नांगरटीला शेतकरी सावड करत आले. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. सावडीत माया असतेच, पण नुसत्या मायेवर ती चालत नाही. पाळी ठरलेली असते आणि ती ज्याची त्याला ठाऊक असते. आठवण करून द्यायला एकालाच दारोदार हिंडावं लागलं, की ती सावड मोडलीच म्हणून समजा.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्या सांगतो. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्या 80 रुपयांचं कौतुक आहेच; मला मात्र त्यांच्या कामाची घडी जास्त मोलाची वाटते. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड जमा करायचे. तिथे तपासणी होते, वजन होतं, मजुरी मिळते. पीठ मळणाऱ्या वेगळ्या, लाटणाऱ्या वेगळ्या, पाकिटं भरणाऱ्या वेगळ्या. पण प्रत्येक भगिनी मालकीण आणि नफ्यात वाटेकरी. आपल्या वाट्याचं काम तिचं तिनंच पुरं करायचं. तिच्या मागे कुणी 'झालं का गं?' म्हणत फिरत नाही.

आता घरी येऊ. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होती आणि असं काम करणारा पुरुष 97. त्यातही असं काम करणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस होते. ही मिनिटं मोजता तरी आली. लक्षात ठेवायचं काम मात्र मोजायचं कसं? यजमान भाजी आणतात, पण यादी आपण करतो. मुलगा सिलिंडर लावतो, पण तो संपत आलाय हे आपल्याच ध्यानात येतं. 'सांगितलं असतंस तर केलं असतं,' असं म्हटलं की तो मोकळा. अहो, सांगायची आठवण ठेवणं हेच तर निम्मं काम!

आणि मैत्रिणींनो, घरातलं हेच दुखणं आपण गटातही आणलं आहे. पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब. सूत्रं सगळ्यांची, घोर मात्र एकटीला. जिला चार ओळी बऱ्या लिहिता येतात, तीच वर्षानुवर्षं सचिव. हजेरी तिनं मांडायची, हप्त्याची तारीख तिनं सांगायची, बँकेत खेपा तिनं घालायच्या. ती बाळंतपणाला माहेरी गेली की गट आडवा.

यात आपलाही थोडा वाटा आहे. सगळं आपल्यावाचून अडतं, यात एक सुख असतं आणि ते सुटता सुटत नाही. लेकानं घडी घातलेले कपडे आपण पुन्हा उलगडून घड्या घालतो. नव्या मैत्रिणीनं मांडलेला हिशेब खोडून परत मांडतो. मग पुढच्या वेळी ती वहीला हात लावेल कशाला?

म्हणून तीन सूचना करते. पहिली, सचिवपद दर दोन वर्षांनी फिरतं ठेवा आणि जी पुढे सचिव होणार तिला वर्षभर आधीपासून वहीशी बसवा. दुसरी, बँकेत दोघींनी जावं. एक माहीतगार, एक नवखी. तिसरी घरासाठी. काम द्याल ते पुरतं द्या. भाजी द्यायची तर काय संपलंय ते बघण्यापासून निवडून ठेवण्यापर्यंत. महिनाभर भेंडी जून आली तरी चालेल, मध्ये पडू नका. मागच्या रांगांत बसलेल्या पुरुष मंडळींना एवढंच सांगते, घरात 'मी मदत करतो' म्हणणं सोडा. आपल्याच घरातल्या कामाला मदत कसली?

आजचा अहवाल आपल्या सचिवांनी एकहाती लिहिला आणि उत्तम वाचला. त्यांचं मनापासून अभिनंदन. पुढच्या वर्षीही त्याच वाचायला उभ्या राहिल्या, तर मात्र मी श्रोत्यांतून उठून हरकत घेईन.