खारीची वाट

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत चोरखमारा हें गांव आहे. गांवाजवळ त्याच नांवाचा मोठा तलाव असून नागझिऱ्याच्या अभयारण्यांत शिरण्याचें एक फाटकहि येथेंच आहे. वाघ पाहावयास आलेल्या मंडळींचें लक्ष रस्त्याच्या वळणाकडे असतें. डोक्यावरील मोहाच्या फांदीवरून शेपूट फुलवून पलीकडे जाणारी खार सहसा कोणी पाहात नाहीं.

भुईवर चालणाऱ्या प्राण्यास रस्ता म्हणजे ओलांडावयाची एक पट्टी. झाडावर राहणाऱ्यास तें वरच्या वाटेंतलें खिंडार होय. रस्ता अरुंद आहे आणि दोहों बाजूंच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत, तोंवर खालून कितीहि गाड्या जावोत, खारीचें विशेष अडत नाहीं. रस्ता रुंद झाला, कडेचे साग, ऐन, धावडे तुटले, कीं ही कमान मोडते. मग तिनें खालीं उतरावें किंवा पलीकडे जाण्याचें सोडून द्यावें.

पट्ट्यांची लहान खार उतरते. गोंदिया हा भाताचा जिल्हा. सुगींत रस्त्यावर दाणे सांडतात, आणि प्रवासी बिस्किटें टाकतात तीं निराळींच. या लोभानें ती चाकांपुढें येते. गाडी पाहतांच ती धांवते, मध्येंच थबकते, उलट फिरते. पाहणाऱ्यास हा वेडेपणा वाटतो; पण शिकारी पक्ष्याचा नेम चुकविण्याची ती तिची पिढीजात युक्ति आहे. चाक नेम धरीत नाहीं, म्हणून तें चकवितांहि येत नाहीं.

शेकरूची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी पाहण्यास सह्याद्रींतील भीमाशंकरासारखें रान गांठावें लागतें. शेकरू आपल्या हद्दींत अनेक घरटीं बांधतें, वीसेक फूट उडी घेतें, पण भुईवर क्वचितच उतरतें. झाडांमधील अंतर त्या उडीपेक्षां वाढलें, कीं पलीकडचें फळलेलें झाड त्यास डोळ्यांनीं दिसतें, पण मिळत नाहीं. असा प्राणी चाकाखालीं फारसा सांपडत नाहीं, म्हणून त्याची हानि कोणाच्या मोजणींतहि येत नाहीं.

कॅनडांत ओटावाच्या आसपास खारीच्याच कुळांतील चिपमंक व रानउंदीर घेऊन संशोधकांनीं एक प्रयोग केला, तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. हे प्राणी पकडून रस्त्यापलीकडे सोडले असतां मध्यें रस्ता पडल्यामुळें त्यांचें परतणें कमी झालें. वाहनें थोडीं कीं फार, यानें मात्र फरक दिसला नाहीं. अडथळा रस्त्याचाच होता, रहदारीचा नव्हे. रानांतल्या रस्त्यावर गाड्या तुरळकच असतात, हें समाधान येथें अपुरें पडतें.

नागझिरा व नवेगांव हीं रानें २०१३ सालीं एका व्याघ्रप्रकल्पांत आलीं, तरी त्यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातोच. अशा ठिकाणीं दोन उपाय सुचविले जातात. पेंचमध्यें महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राच्या बाजूस, प्राण्यांना खालून जाण्यासाठीं नऊ मार्ग सोडलेले आहेत. त्यांची रुंदी ५० पासून ७५० मीटरपर्यंत आहे, आणि वाघहि त्यांचा उपयोग करतात. बंदिपूरला २००९ पासून रात्रीची रहदारी रोखण्यांत आली. दोन्ही उपाय चांगलेच. पण पहिला भुईवरच्या प्राण्यांचा आणि दुसरा निशाचरांचा. खार दिवसा हिंडते आणि वरून जाते!

अमेरिकेंत लाँगव्ह्यू गांवीं १९६३ सालीं खारींसाठीं रस्त्यावरून एक चिमुकला पूल टांगण्यांत आला. दाण्यांसाठीं रस्ता ओलांडतांना त्या मरत, हें तेथील एका गृहस्थास पाहवलें नाहीं. आपल्याकडेहि वालपराईच्या रानांत सिंहपुच्छ वानरांसाठीं असे झुलते पूल झाले आहेत. परंतु जिवंत फांदी असतां दोर कशाला? रुंदीकरणापूर्वीं तोडावयाच्या झाडांवर क्रमांक घालणारे लोक बुंध्याकडेच पाहतात. त्यांनीं एकदां मान वर करून, कोणत्या दोन झाडांच्या फांद्या रस्त्यावर भेटतात, एवढें आपल्या वहींत टिपलें, तर मैलामागें दहापांच जोड्या राखणें फारसें अवघड जाऊं नये.