पोरीला बोलू द्या



ऑगस्ट लागला की आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यात घरोघरी वजनकाटे निघतात. बाप बॅग उचलून काट्यावर उभा राहतो, मग बॅग खाली ठेवून पुन्हा उभा राहतो आणि वजाबाकी करतो. 23 किलोच्या वर गेलं की आई कुरड्यांचा डबा बाहेर काढते. बाप उठून गेला की तोच डबा परत आत जातो! कोणाची पोरगी जर्मनीला, कोणाचा पोरगा आयर्लंडला. आनंदच आहे. ॲडमिशन, व्हिसा, कर्ज हे सगळं तुम्ही वर्षभर केलेलं आहे, ते मी काय सांगणार? मला एकच सांगायचं आहे. पोरांना बोलू द्या.

परवा आमच्याच गल्लीत एका घरी बसलो होतो. पोरीला विचारलं, "बाई, कसं जाणार?" बाप म्हणाला, "मुंबई, मग फ्रँकफर्ट." मी विचारलं, "मुंबईला सामान काढून घ्यावं लागते का गं?" काका म्हणाले, "नाही जी, डायरेक्ट जाते." "भीती वाटते का?" आई म्हणाली, "तिले काहून भीती वाटेल? लहानपणापासून धीट आहे." पोरगी शेंगा सोलत होती. फोलपटांचा ढीग झाला होता आणि सगळे दाणे वाटीत तसेच. तोंडात एक गेला नव्हता.

आता सोनेगावच्या विमानतळावर काय होतं? दोन गाड्या भरून माणसं पोचवायला जातात. दाराशी जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. तिकीट नसलेला बाहेर. तिथून पुढे बाप नाही, काका नाही. काउंटरवरचा माणूस कागद मागणार. अमेरिकेच्या विमानाला तर हमखास विचारतात, "ही बॅग तुम्ही स्वतः भरली का?" खरं उत्तर, आईनं! पुढे इमिग्रेशनचा अधिकारी. मुंबई-दिल्लीवरून जाणाऱ्यांना तो तिथे भेटतो, नागपुरातूनच थेट परदेशी उडणाऱ्यांना इथेच. आणि पलीकडे उतरल्यावर आणखी एक: कशाला आलात, कोणतं कॉलेज, कुठे राहणार, खर्च कोण करतं? प्रत्येक जण तिलाच विचारणार.

सक्करदऱ्यातल्या माणसाला मेडिकल कॉलेजची ओपीडी समजावून सांगावी लागत नाही. पहिल्यांदा गेलेला माणूस तिथे भांबावतोच. आधी चिठ्ठीची खिडकी, मग खोली, मग तपासणी, मग औषधाची खिडकी. चिठ्ठी हातातून सोडायची नाही, बोर्ड वाचायचा, नाही समजलं तर सिस्टरला विचारायचं. विमानतळ म्हणजे दुसरं काय? चिठ्ठीच्या जागी बोर्डिंग पास, खोलीच्या जागी गेट. डॉक्टरसाहेब कधी उठून दुसऱ्या खोलीत बसतात, तसं गेटही ऐनवेळी बदलतं. आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो तर रांग तिकडे गेलेली असते आणि आपण जुन्याच दारापुढे. आणि ओपीडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाहा. डॉक्टर पेशंटला विचारतात, काय होतंय? सोबतचा नातेवाईक सुरू होतो. डॉक्टर म्हणतात, तुम्ही थांबा हो, त्यांना बोलू द्या, दुखतंय त्यांचं. मी तेच म्हणतोय. फरक इतकाच की विमानतळावर नातेवाईक आधीच दाराबाहेर राहिलेला असतो, आणि पेशंटला बोलायची सवयच नसते.

स्वतः कसं बोलावं ते पाहा: आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या ते 1883 साल. फेब्रुवारीत, वयाची अठरा वर्षंही पुरी नव्हती तेव्हा, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्या भरसभेत उभ्या राहिल्या. लोकांचे सगळे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले, अमेरिकाच का, एकटी का, आणि एकेकाचं उत्तर दिलं, तेही इंग्रजीत. नवरा गोपाळराव तिथेच पोस्टात होते. बायकोच्या शिक्षणाचा ध्यास त्यांचाच. पण त्या दिवशी बोलल्या आनंदीबाई. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट निघाली तेव्हा गोपाळराव सोबत नव्हते. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांना भीती वाटली नसेल असं समजू नका.

आपल्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरही 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले, वय बावीस. घरी व्हिडिओ कॉल करून "आता कुठे जाऊ?" विचारायची सोय नव्हती.

विमानाच्या भीतीचं चटकन सांगतो. हवेत हेलकावे बसतात, पट्टा बांधून बसायचं. कानाला दडे बसले तर आवंढा गिळायचा, लिमलेटची गोळी चघळायची. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातच्या बॅगेत ठेवायची. पासपोर्ट आणि मूळ कागदही तिथेच. हे सोपं आहे. अवघड आहे ते विचारणं. आपल्या पोरांना वाटतं, विचारलं तर लोक गावठी म्हणतील. अरे बाप्पा, तिथे कोणाला वेळ आहे तुम्हाला गावठी म्हणायला? मोडक्या इंग्रजीत विचारा, बोट दाखवून विचारा. पण विचारा.

सामानाचंच घ्या. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर सामान बहुधा शेवटपर्यंत जातं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बहुधा काढून घ्यावंच लागतं, पुढचं विमान असलं तरी. हे काकांना माहीत असून काय उपयोग? पट्ट्यापाशी काका नसणार. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यानं खाण्याच्या वस्तू लिहून जाहीर कराव्या लागतात, लपवल्या तर दंड. मग पोरीला माहीत नको, कुरड्या कोणत्या बॅगेत आहेत? म्हणून बॅग तिला भरू द्या. आईनं शेजारी बसावं, हात लावू नये. बॅगेत काय आहे ते पोरीलाच सांगावं लागणार आहे, हे मी तिसऱ्यांदा सांगतोय, मला माहीत आहे.

विमान कंपनीला फोन करायचा असेल तर तिला करू द्या. बँकेत तिला एकटीला पाठवा. पैशाचंही सांगायचं होतं, कार्ड वेगळं, रोख वेगळी, दोन्ही एका पाकिटात नको, आणि ते कार्ड सुरू करताना... असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याचं बोट दाखवताहेत.

तर पालकांनो, आज रात्री जेवताना पोराला विचारा: कोणत्या विमानतळावर उतरणार, तिथून कसा जाणार, कुठे राहणार, फी कोण भरतं? उत्तर यायला वेळ लागेल. तुम्ही मध्ये बोलू नका. आणि काकांनाही बोलू देऊ नका.