सैन्यातील अधिकारीपदाची मुलाखत : काय अपेक्षावे?
(हडपसर येथे शिक्षक व पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हडपसरच्या वेशीला लागूनच वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही फार दूर नाही. तरीही प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविलेले येथील विद्यार्थी पुढे मुलाखतीत मागे पडतात, तेव्हा त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांना मिळालेल्या माहितीकडे पाहिले पाहिजे. प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला 900 गुण आहेत आणि सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीलाही तितकेच. घराघरांतून वर्षभर तयारी चालते ती मात्र पहिल्या निम्म्याचीच.

शिपाईपदाच्या भरतीचे स्वरूप वेगळे. तेथे धावणे, शारीरिक क्षमता व लेखी परीक्षा यांवर भर असतो. अधिकारीपदाची ‘मुलाखत’ मात्र सुमारे पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि अनेक उमेदवार त्याच दिवशी घरी परततात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. चित्र अर्धा मिनिट पाहून चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयाची. अशी बारा चित्रे, त्यांतील शेवटचे कोरेच! मग साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. मनात प्रथम येईल ते वाक्य लिहावे लागते. पाठ केलेली शौर्यवाक्ये येथे उघडी पडतात. कारण मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी व मुलाखत अधिकारी हे तिघे स्वतंत्रपणे पारख करतात आणि अखेरच्या दिवशी बैठकीत आपापले मत मांडतात. एकापुढे घेतलेले सोंग दुसऱ्यापुढे टिकणे कठीण.

मैदानावर फळ्या, दोर व पिंपे देऊन गटाला अडथळा ओलांडावयास सांगतात. मोठ्याने ओरडणारा तेथे नेता ठरतोच असे नाही. सोबत्याची चांगली युक्ती मान्य करून स्वतः फळी धरून उभा राहणाराही नजरेत भरतो.

प्रत्यक्ष संभाषणात उमेदवाराने भरून दिलेल्या माहितीच्या तक्त्यावरूनच प्रश्न निघतात : घर, शाळा, मित्र, खेळ, गाव. हडपसरच्या मुलाला खडकवासल्याचा कालवा येथून कोठे जातो, हे ठाऊक असावे. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या येथे वेगळ्या होतात. एक दिवे घाटाकडे वळते, दुसरी लोणी काळभोरकडे. त्या दिवशी वाहतुकीची व्यवस्था तुझ्याकडे दिली तर काय करशील, असे कोणी विचारले तर? मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी विकून न टाकता एकत्र येऊन सुमारे 400 एकरांवर नगर वसविले. त्यात भले काय झाले, हरवले काय? अशा प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शिकेत सापडत नाहीत. घरी वडिलांशी बोलणाऱ्या, बाजारात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या मुलाला ती सुचतात. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे सरळ सांगावे. थाप मारली की पुढचा प्रश्न त्या थापेवरच येतो.

भाषेची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना विशेष वाटते. मानसशास्त्रीय चाचण्यांत हिंदीतून लिहिण्याची सोय आहे. बोलताना साधे, स्पष्ट इंग्रजी पुरते. मात्र त्याचा सराव वर्गात रोज दहा मिनिटे तरी व्हावा. हे काम शाळेचे आहे, ते खाजगी शिकवणीवर सोडून चालणार नाही.

मुलींच्या पालकांनी तर हे अधिक लक्षपूर्वक ऐकावे. प्रबोधिनीत 2022 साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे 2025 मध्ये तिच्यातील 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. राज्य शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे 1977 पासून मुलांसाठी चालते. नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये सुरू झाली. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात या मुलाखतीची तयारी निवास-भोजनासह विनामूल्य करून घेतली जाते. शाळेच्या फलकावर ही माहिती लागलेली असावी.

मंडळाने शिफारस केल्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. रंग ओळखण्यातील दोष तेथे कळण्यापेक्षा आठवीनववीतच डोळे तपासून घेतलेले बरे. शिफारस न झालेल्यास वयोमर्यादेत राहून पुन्हा प्रयत्न करता येतो. त्या प्रवेशप्रकारासाठी प्रथमच बोलावलेल्या उमेदवाराला रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडे मिळते; त्याने तिकीट मात्र जपून ठेवावे.