दिवस मोठा, ऊन छोटं

इअरफोन घातलेत ना? आजचा भाग उन्हावर आहे. हसू नका. नांदेड-लातूरच्या माणसाला उन्हाचं काय सांगायचं, असं मलाही वाटायचं. मग बाबांचा फोन आला.

मी नांदेडला, आई-बाबा लातूरला. छतावर 3 किलोवॅटचे सोलर पॅनल बसवा म्हणून मीच मागे लागलो होतो. बाबांनी सोयाबीनचे पैसे घातले. मे महिन्यात अ‍ॅपवर रोज 13 युनिट दिसायचे. मी स्क्रीनशॉट पाठवून सांगितलं, "बाबा, आता बिलाची काळजी सोडा."

जुलैत फोन. "अरे, आज 5 युनिटच झाले. फसलो का रे आपण?" आई मागून म्हणाली, "दोन दिवस झाले, फ्रीज बंद ठेवलाय यांनी."

पोटात धस्स झालं. पॅनल ठणठणीत होते. चूक माझ्या हिशोबात होती.

बघा, आपल्याकडे 21 जूनच्या आसपास दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटी अकरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचाच. म्हणजे जून-जुलैत ऊन जास्त हवं, बरोबर? पण दिवस मोठा असणं वेगळं आणि ऊन पडणं वेगळं. दिवस सर्वात मोठे होतात तेव्हाच मृग लागलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य उगवतो वेळेवर, पण ढगाआडच राहतो. डिसेंबरचा दिवस लहान, पण आभाळ निरभ्र. म्हणून पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात ऊन जास्त तास मिळतं.

अजून एक गंमत. सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. एकदा मेच्या मध्यात, तेव्हा भरदुपारी सावली पायाखाली गायब होते. दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी, पण तेव्हा ढगांमुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 18-19 अंश तिरपे बसवतात.

आणि कडक ऊन म्हणजे जास्त वीज, असंही नाही बरं का. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर तापला की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. मेमध्ये हवा 42 अंशांवर असते, तेव्हा पॅनल त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. धूळ बसते ती वेगळीच.

म्हणून हिशोब वर्षाचा करायचा. 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, पण ही सरासरी आहे, रोजचा पगार नाही! नेट मीटरिंग असेल तर एप्रिल-मेचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलात वळते होतात. शेतकऱ्याला हे नवीन नाही. सुगीचं धान्य कणगीत भरून वर्षभर पुरवायचं, तसंच.

बाबांना मी हेच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मे महिन्यात सांगायचं होतंस की."

खरंय. मी त्यांना फक्त चांगल्या दिवसाचा स्क्रीनशॉट दाखवला होता. तुमच्या घरी कुणी सोलरचा कागद घेऊन आलं, तर एकच विचारा: "जुलैचा आकडा किती?"

फ्रीज त्याच संध्याकाळी सुरू झाला. भेटू पुढच्या भागात!