कॉल्पोस्कोपी : भय नको, तपासणी हवी
(महिला मेळाव्यातील भाषण)



गर्भाशयमुखाच्या प्राथमिक तपासणीत दोष आढळला, की कॉल्पोस्कोपी करावयास सांगतात. दोष म्हणजे कर्करोग नव्हे. तथापि भीतीपोटी पुष्कळजणी परत फिरकत नाहीत. खरा धोका तोच. कर्करोगापूर्वीचे बदल बहुधा अनेक वर्षे चालतात. त्या अवधीत उपचार झाल्यास रोग टळू शकतो.

1925 मध्ये जर्मनीतील डॉ. हिन्सेलमान यांनी शोधलेले हे भिंगाचे यंत्र शरीरात घालीत नाहीत. योनिमार्ग उपकरणाने किंचित रुंद करून बाहेरूनच पाहतात. सौम्य ॲसिटिक आम्ल लावल्यावर संशयास्पद भाग पांढरा दिसतो, थोडे चुणचुणते. जरूर पडल्यास तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी काढतात. भूल देऊन निजवावे लागत नाही. बहुधा पाव तासात काम आटोपते.

पाळी चालू नसताना यावे. आदल्या दिवसापासून शरीरसंबंध व योनिमार्गातील औषधे टाळावीत. गरोदर असल्यास अवश्य सांगावे. तुकडा काढल्यावर काही दिवस किंचित रक्तस्राव होतो. परंतु अतिरक्तस्राव, ताप, दुर्गंधी वा ओटीपोटात तीव्र वेदना असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

अहवाल घेण्यास मात्र न चुकता यावे. घरच्यांनीही सोबत करावी, ही विनंती.