ओहोटीच्या रेषेखालची वस्ती आणि आपले खाचर



आज थोडे खाडीकडे वळू या. ओहोटी लागली की पनवेलच्या खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्यांची बिळे दिसतात. हे तुमच्या रोजच्या पाहण्यातले. पण उधाणाच्या ओहोटीलाही खाडीच्या मध्याचा खोल पट्टा उघडा पडत नाही. तिथेही मोठी वस्ती असते आणि तिचा तुमच्या भातखाचराशी जवळचा संबंध आहे.

पावसाळ्यात ओढ्या-नद्यांचे गोडे पाणी खाडीत उतरते. गोडे पाणी हलके, ते वर राहते. खारे पाणी जड, ते तळाशी बसते. त्यामुळे वर गोडे पाणी आले तरी तळच्या जिवांना खारेपणा मिळत राहतो. गाळातले बारीक किडे कुजका पालापाचोळा खातात. त्यांच्यावर कोळंबी आणि चिंबोरी जगतात, आणि कोळंबीवर जिताडा.

कोळंबी अंडी घालते समुद्रात, पण तिची पिल्ले वाढायला खाडीत येतात. जिताडा अंडी घालतो खाडीच्या मुखाशी. त्याची पिल्ले भरतीबरोबर आत शिरून पार खाजणापर्यंत पोचतात. आपल्या रायगड जिल्ह्यात ती आणून गावतळ्यात वाढवण्याची जुनी चाल आहे. आणखी एक गंमत सांगतो. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला थोराड जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते. चेन्नईच्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याची पैदास बंदिस्त पाण्यात करून दाखवली. तरीही खाडीची पैदास टिकली पाहिजेच.

आता तुम्ही म्हणाल, यात आमच्या शेतीचा काय संबंध? संबंध उघाडीचा आहे. ओहोटीला उघाडी उघडते आणि खारजमिनीतले पाणी खाडीत जाते. त्याच्याबरोबर फवारलेले औषधही जाते. कोळंबी आणि चिंबोरी ही किडींचीच भावकी, बरं का! तसेच सांध्यांचे पाय, तसेच वरचे कवच, तशीच कात टाकणे. जे औषध किडीला मारते ते कोळंबीच्या पिल्लालाही मारते, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. एंडोसल्फान माशांना फार घातक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. पण आज मिळणारी पुष्कळ औषधेही, विशेषतः सायपरमेथ्रिनच्या जातीची, मासे आणि कोळंबीला तितकीच जहाल आहेत.

डब्यावरचा हिरवा त्रिकोण पाहून फसू नका. त्रिकोणाचा रंग माणसाला आणि जनावरांना किती धोका आहे ते सांगतो. माशांचा धोका त्यावरून कळत नाही. त्यासाठी आतले माहितीपत्रक वाचा किंवा कृषी सहायकाला विचारा.

मग करायचे काय?

१. दिसली कीड की मार फवारा, असे करू नका. खोडकिड्याने शेकडा पाच फुटवे सुकले तरच औषधाचा विचार करा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ या क्षार सोसणाऱ्या भातजाती दिल्या आहेत. जमिनीला मानवणारी जात घेतली तर पीक जोमदार राहते.

२. दाणेदार औषध टाकले किंवा फवारले की खाचराचे तोंड बंद करा. निदान चार-पाच दिवस पाणी बाहेर सोडू नका. जोराच्या पावसाचा रंग असेल तर औषध टाकूच नका.

३. उघाडी साऱ्या गावाची असते. एकाने पाणी अडवून भागत नाही. शेजाऱ्यांशी बोलून फवारणीचे दिवस ठरवा.

४. पंप आणि रिकामे डबे ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नका.

५. मासे धरायला खाडीत औषध टाकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने पिल्लांसकट सगळे मरते.

६. तळ्यात जिताडा सोडताना सारख्या आकाराची पिल्ले सोडा. मोठे लहानाला गिळते.

७. बांधाबाहेरची तिवरे तोडू नका. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी कायम केली. ती तुमचा बांध लाटांपासून राखतात आणि पिल्लांना आसरा देतात.

पनवेलच्या कितीतरी खारजमिनी शहरात गेल्या. उरल्या आहेत त्यांत भात आणि मासळी दोन्ही पिकू शकतात. येत्या हंगामात औषध टाकण्याआधी खाचराचे तोंड बंद आहे ना, एवढे एकदा पाहा.

नमस्कार.